दुबळी कडी

तनामच्या मशिदीतली बांग संपता संपता
मी विंचवरची ताडपत्री ओढतो.
ड्रमवर दव. वाळवंटातही दव पडतं,
हे फोनवर सांगितलं तर शोभा म्हणाली, काहीही सांगता.

बाराशे मीटर दोर.
पलीकडच्या टोकाला बिनइंजिनाचं विमान,
त्यात फौजेतली पोरं, एकोणीस-वीसची,
मिसरूड नीट कोरलेली, बुटांवर इब्रीची धूळ.
इतक्या लांबून मला चेहरे दिसत नाहीत.
दिसतो पिकअपचा दिवा:
सावकाश लुकलुकला की ढील आवरायची,
भराभर लुकलुकला की पाय खाली.
इंजिन हंबरतं, ते पांढरं पातं रांगतं, धावतं,
आणि मानगूट धरून कुणी उचलावं तसं आभाळात.

इचलकरंजीत बावीस वर्षं मागावर होतो.
सूत तुटलं की माग थांबायचा,
माग थांबला की मुकादम यायचा,
मुकादम आला की पगार कापायचा.
तुटलेलं टोक जिभेवर ओलं करून गाठ मारायची.
ती गाठ अजून अंगठ्यात आहे.

इथे दोराच्या टोकाशी एक कडी असते,
बोटभर पोलादाची, मुद्दाम दुबळी ठेवलेली.
पंख मोडण्याआधी तिने मोडायचं, एवढीच तिची नोकरी.
पहिल्या दिवशी वॉरंट ऑफिसर खल्फानने ती माझ्या तळहातावर ठेवली.
म्हणाला, मैदानात हिच्याइतकं इमानी कुणी नाही.
त्याचं हिंदी मत्रहच्या बाजारातलं, माझं मिरज स्टेशनचं.
ऐकण्यात चूक झाली असेल.

मंगळवारी तो कहव्याचा कप घेऊन विंचपाशी आला.
आज अझ्झान. मी मागच्या सीटवर असेन.
शंभर मीटरवर पाय काढ. त्याला माहीत नाही.
मी मान हलवली,
चोरीत सामील होणाऱ्याने हलवावी तशी.

दिवा लुकलुकला. दोर तिरपा, अजून तिरपा.
उंची मोजायला माझ्याकडे फक्त दोराचा कोन.
काढला पाय.

एवढी शांतता, की गाफच्या झाडाखाली
शेळी रवंथ करताना ऐकू आली.
विमान नाक वर करून थांबलं,
वाक्याच्या मध्येच शब्द न सुचलेल्या माणसासारखं.
नाक खाली घे, बाळा.
हे मी विंचच्या जाळीत, मराठीत,
कुणासाठी म्हणालो कोण जाणे.
एक. दीड.
नाक पडलं. मग समोरच, सरळ, धूळ उडवत टेकलं.

संध्याकाळी खल्फानने जुनी गोष्ट काढली.
मोठ्या लढाईत असली विमानं लाकडाची असत, वर कापड,
पोटात बंदुकांसकट माणसं. अंधारात सोडायचे दोर.
पायलटला काय शिकवायचे? उतरायला.
किती वेळा?
त्याने एक बोट वर केलं आणि खजूर तोंडात टाकला.
परत कसे यायचे, असं मी विचारलं.
त्याला वाटलं विमानांचं विचारतोय.
ती तिथेच राहायची, म्हणाला. शेतात. कोंबड्या राहायच्या त्यात.

मग अझ्झान आला. दोर कुणी सोडला?
मी हात वर केला.
त्याने तो हात घेतला, उलटा केला,
अंगठ्यावरचा घट्टा पाहिला,
आणि उसना घेतलेला पाना परत करावा तसा परत केला.

गुरुवारी मागची सीट रिकामी.
तिचे पट्टे आवळून बांधलेले, कुणी नसताना.
खल्फान माझ्याशेजारी उभा, बोलेना.
मी त्याच्याकडे पाहत राहिलो, काढू का?
तो शेळ्या मोजत होता.
मी पाय दाबून धरला, पोटरीला गोळा येईपर्यंत,
तोवर वरून त्यानेच सोडलं.

दोराची छोटी छत्री उघडली, वाऱ्याने गाफकडे निघाली.
फांद्यांत अडकली तर दुपार जाते.
मी भराभर गुंडाळत राहिलो, डोळे ड्रमवर.
खल्फान ओरडला, बघ, बघ रे, वळला!
हो, म्हटलं.
बघितलं नाही.